सपोर्ट संपलेल्या गाडीचं ऑईल

बाबांची प्रीमियर पद्मिनी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे. यंदा त्यांचे गुडघे बोलायला लागले आणि गाडी माझ्याकडे आली. "ऑईल बदलून आण," एवढंच ते म्हणाले. दुकानात मी सवयीने सगळ्यात महाग आणि सगळ्यात नवं उचललं: फुली सिंथेटिक, ०डब्ल्यू-२०. आमच्या पिढीची दर्जा मोजायची पद्धत हीच, लेटेस्ट व्हर्जन.

मिस्त्रीकाकांनी डबा हातात फिरवला आणि परत दिला. "हे तुझ्या गाडीत टाक. हिला वीस-पन्नास लागतं."

का, ते सांगायची त्यांना गरज वाटली नाही. ते मी रात्री शोधत बसलो.

पहिलं कारण सोपं आहे. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा इंजिन तापल्यावरचा. जुन्या इंजिनात बेअरिंगच्या फटी आधीच मोठ्या, त्यात वर्षानुवर्षांची झीज. तापल्यावर पातळ तेल त्या फटींतून निसटतं आणि दाब पडतो. २०डब्ल्यू-५० टिकून राहतं.

दुसऱ्या कारणाने मात्र झोप उडवली. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात कॅमशाफ्टचे उंचवटे सपाट टॅपेटवर थेट घासतात, मध्ये रोलर नाही. तिथे झेडडीडीपी नावाचं जस्त-फॉस्फरसचं संयुग कामी येतं. ते धातूवर थर धरतं, स्वतः झिजतं आणि धातूला वाचवतं. पण तेल थोडं जळतंच. त्यातला फॉस्फरस धुराबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो आणि त्याला हळूहळू निकामी करतो. म्हणून एपीआयच्या २००४ च्या 'एसएम' दर्जात फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आली.

म्हणजे हवा स्वच्छ राहावी म्हणून तेल बदललं. बाबांच्या गाडीला कन्व्हर्टरच नाही, त्यामुळे या बदलातून तिला मिळणार काहीच नाही, फक्त कॅम झिजायचा. हा अन्याय म्हणायचा का?

मला तसं म्हणता येईना, कारण गेल्याच महिन्यात मी हेच केलं होतं. आमच्या अ‍ॅपमधून जुन्या अँड्रॉइडचा सपोर्ट काढायचा प्रस्ताव माझाच होता. वापरणारे थोडे, सांभाळायचा त्रास मोठा, आणि सगळ्यांच्या सुरक्षेचा प्रश्न. मीटिंगमध्ये कुणी हरकत घेतली नाही, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण त्या थोड्यांत माझी मावशी निघाली. "अरे, तुझं ते अ‍ॅप उघडतच नाही." मी म्हटलं, "मावशी, नवा फोन घे आता." ती 'बरं' म्हणाली. नंतर तिने विषय काढला नाही.

नियम बरोबर आहे का, या प्रश्नाचं उत्तर बहुसंख्यांचं भलं बघून देता येतं. नियमाबाहेर पडलेल्याचं आपण काही देणं लागतो का, हा प्रश्न त्याने मिटत नाही. मी दोन्हींना एकच समजत होतो. पहिल्यात बरोबर ठरलो की दुसरा आपोआप सुटला, असा माझा हिशोब.

त्या दर्जाचे तपशील वाचताना एक गोष्ट सापडली. फॉस्फरसची ती मर्यादा पातळ ग्रेडनाच आहे, २०डब्ल्यू-५० सारख्या जाड तेलांना नाही. जुन्या गाड्यांचा कळवळा येऊन ती सूट ठेवली असेल, असं मी म्हणणार नाही. पण दार उघडं राहिलं. माझ्या रिलीजमध्ये मी तेवढंही ठेवलं नव्हतं, एखादं साधं वेबपेज ठेवता आलं असतं.

क्राऊनच्या तेलाने माझी आणखी एक समजूत मोडली. काका त्याला नुसतं 'नव्वद नंबर' म्हणतात. (हे नव्वद ऐकून घाबरू नका. गिअर ऑईलची मोजपट्टीच वेगळी आहे, हे नव्वद इंजिनाच्या चाळीस-पन्नासइतकंच दाट असतं.) डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ होतं. पाच मोठा, म्हणून मी गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल, दोन्हींत तेच ओतणार होतो. हायपॉइड क्राऊनचे दात एकमेकांवर फिरताफिरता घसरतातही, तिथे जीएल-५ मधलं जादा सल्फर-फॉस्फरस हवंच. पण बऱ्याच जुन्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझरच्या रिंगा पितळी असतात, आणि तीच रसायनं पितळाला खाऊ शकतात. काही जीएल-५ तसं करत नाहीत, पण ते डब्यावरून कळत नाही. तेव्हा गिअरबॉक्सला जीएल-४.

गाडीच काढून टाक, असंही मित्र म्हणतात. मुंबईत टॅक्सींना २० वर्षांची मर्यादा आहे, तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. मला तो नियम चुकीचा वाटत नाही. पण आमची महिन्यातून दोनदा बाबांना मंडईत नेते, आणि तेवढ्यासाठी तिचं तेल शोधत फिरणं मला मान्य आहे.

शनिवारी काकांनी तेल भरलं. चावी फिरवल्यावर ऑईलचा लाल दिवा लागला आणि इंजिन सुरू होताच विझला. शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "आवाज बरा वाटतोय."

०डब्ल्यू-२० चा डबा माझ्या गाडीच्या डिकीत पडून आहे. मावशीला अजून फोन केलेला नाही.