ओझं मांडताना

पाठ टेकून बसा. पाय जमिनीवर, हात मांडीवर. एक परिच्छेद वाचून झाला की क्षणभर डोळे मिटा, आणि मगच पुढच्याकडे या. आज घाई नाही. ज्या गाडीत आपण बसणार आहोत, तिलाही घाई झेपत नाही.

मनात एक प्रीमियर पद्मिनी उभी करा. घरोघरी तिला फियाटच म्हणत. मूळची ती इटलीची फियाट 1100. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई, आणि पद्मिनी हे नाव तिला 1974 मध्ये मिळालं. इंजिन 1089 सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्ती, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. साल 1990च्या आगेमागे. कोकण रेल्वे अजून रुळांवर यायची आहे. मे महिन्यातली पहाट, परळची एक चाळ, आणि जायचं आहे थेट राजापूरला.

गाडीभोवती एक फेरी मारा. टपावर लोखंडी पट्ट्या वेल्ड करून बनवलेलं कॅरिअर आहे. पुढच्या आणि मागच्या सीटमधला खळगा फळी टाकून बुजवलाय, वर गोधडी अंथरलीय. तिथं मुलं झोपणार. डॅशबोर्डवर बॅटरीवर चालणारा छोटा पंखा आजीच्या दिशेनं वळवलेला. वाकून मागच्या चाकाजवळ पाहा. कमानपाट्यांच्या चळतीत एक जादा पाटा घातलेला दिसेल. कारखान्यानं ही गाडी एका चौकोनी कुटुंबासाठी आखली होती. आपल्या घरात आत्या असते, आत्याची मुलं असतात, गावी न्यायचं शिलाई मशीन असतं. तो जादा पाटा त्यांच्यासाठी आहे. त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहा. कुणी तरी रविवारची दुपार गाडीखाली पाठीवर पडून घालवली, तेव्हा तो तिथं बसला.

आता सामान. ध्यानाला बसलं की बहुतेक जण सांगतात, ओझं उतरवून ठेवा. मला ते कधीच पटलं नाही. आजीला चाळीत ठेवून गावी जाता येत नाही. तेव्हा आपण काहीच उतरवणार नाही, फक्त नीट मांडू.

शिलाई मशीन उचला. जड आहे. टपावर ठेवलं तर गाडीचा तोल वर सरकेल आणि प्रत्येक वळणावर ती बाहेरच्या बाजूला कलेल. डिकीत अगदी मागे ठेवलं तर वजन मागच्या चाकांच्याही पलीकडे जाईल. मागची बाजू बसेल, नाक वर येईल, स्टिअरिंग हलकं लागेल, आणि रात्री दिव्यांचा झोत रस्ता सोडून समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जाईल. म्हणून जड वस्तू खाली, दोन्ही चाकांच्या मध्ये, सीटच्या पायाशी. टपावर वळकट्या आणि कपड्यांच्या बॅगा, वर ताडपत्री, आणि काथ्याची दोरी आडवीतिडवी ओढून मारलेली गाठ. वजन तेवढंच आहे. गाडी मात्र वेगळी झाली.

इथं थांबा. तुमच्या स्वतःच्या सामानाकडे बघा. घराचा हप्ता, आईचं दुखणं, बोलणं बंद झालेला भाऊ. यातलं कुठलं ओझं तुम्ही टपावर ठेवलंय, की प्रत्येक वळणावर सगळ्या घराचा तोल जातो? आणि कुठलं डिकीत पार मागे कोंबलंय, कुणाला दिसत नाही, पण समोरचा रस्ता उजळायचा तो उजेड भलतीकडेच जातो? उत्तर लगेच देऊ नका. फक्त एक वस्तू निवडा आणि ती हलवून खाली, मध्यावर आणा. तिथं ती हाताशी राहील.

चोक ओढा, चावी फिरवा. गाडी निघाली.

पनवेल, पेण, वडखळ. राष्ट्रीय महामार्ग 17 तेव्हाचा, आता त्याला 66 म्हणतात. काचेच्या कोपऱ्यातली तिकोनी खिडकी उघडा आणि वारा अंगावर वळवून घ्या. वेग पन्नासच्या आत ठेवा. भरलेल्या गाडीला थांबायला जास्त अंतर लागतं, म्हणून पुढच्या ट्रकपासून नेहमीपेक्षा दुप्पट जागा सोडा. त्या मोकळ्या जागेत कुणी तरी घुसेल. घुसू द्या, आणि पुन्हा जागा सोडा. श्वासाचंही तसंच करून बघा: आत घेतलेला श्वास संपल्यावर, बाहेर सोडण्याआधी, थोडी जागा राहू द्या.

महाडला सावित्री लागते. मग खेडची जगबुडी, चिपळूणची वाशिष्ठी, संगमेश्वरजवळ शास्त्री, शेवटी राजापूरची अर्जुना. या साऱ्या नद्या सह्याद्रीतून निघून पश्चिमेला समुद्राकडे जातात, आणि आपला रस्ता उत्तरेकडून दक्षिणेकडे, त्यांना आडवा. म्हणून तो कधी फार वेळ सपाट राहतच नाही. प्रत्येक नदीसाठी खाली उतरतो, पुलावरून पलीकडे जातो, पुन्हा चढतो. नद्यांची नावं हळू, एकेक करून घ्या. मुलं पुलावरून पैसे टाकत, आजी बसल्या जागी हात जोडे.

कशेडी घाट पोलादपूरनंतर सुरू होतो. दुसरा गिअर. उन्हं चढलीत. इंजिनाचा आवाज जाड होत जातो, आणि मग एका वळणावर ते आचके देतं नि बंद पडतं. गाडी कडेला घ्या. मागच्या चाकाला दगड लावा.

बोनेट उघडा, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली आहे, म्हणूनच ते इतकं तापूनही उकळत नाहीये. झाकण सैल केलं तर त्याच क्षणी उकळून अंगावर येईल. कार्बोरेटरकडे पेट्रोल नेणारा पंप शोधा. टाकी भरलेली आहे, नळी फुटलेली नाही, पंपही ठणठणीत आहे. उष्णतेनं पेट्रोलची वाटेतच वाफ झाली, आणि पंप वाफ खेचत बसला. पंचा पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळा. त्यातलं पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जाईल. आता करायचं काही नाही. अर्धा तास.

या अर्ध्या तासासाठीच मी तुम्हाला इथवर आणलं. आत्या चपात्यांचा डबा उघडते. मुलं करवंदांच्या जाळीकडे पळतात. कुणी कुणाला दोष देत नाही, कारण मोडलेलं काहीच नाही. तुमच्या घरातलं शेवटचं मोठं भांडण आठवा. त्यात खरंच मोडलेलं काय होतं, आणि नुसतं तापलेलं काय होतं? तापलेल्याला पाना लावू नये. इथं डोळे जरा जास्त वेळ मिटा.

उतारावर एकच लक्षात ठेवा: जो गिअर चढताना, तोच उतरताना. सारखा ब्रेक दाबून धरला तर ड्रम तापून प्रसरण पावतात, आतले लायनर पकड सोडतात, आणि पेडल खाली खाली जाऊ लागतं. इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्या.

संध्याकाळी राजापूर. सामान उतरलं, माणसं उतरली, मागची बाजू वर आली. दुसऱ्या दिवशी कुणी तरी एकटाच ती गाडी घेऊन बाजारात जातो आणि वैतागून परत येतो. गाडी प्रत्येक खड्ड्यात उडते, पाठ मोडते. तोच जादा पाटा. आठ माणसांखाली तो छान दबत होता, एकट्या माणसाखाली दबतच नाही. गाडी बिघडलेली नाही. तिला ओझ्यासाठी तयार केलंय, आणि आता ओझं नाही.

असं एक माणूस तुमच्या ओळखीचं असेल. सगळं घर ज्यांनी ओढलं, आणि आता निवृत्त होऊन खुर्चीत बसले की बारीकसारीक गोष्टीवर उसळतात. आपण त्यांना आराम करा म्हणतो, हातातली पिशवी काढून घेतो. त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. बाजारात गेलेला तो माणूस परत येताना तांदळाचं पोतं मागच्या सीटच्या पायाशी टाकून आला, आणि गाडी नीट चालली. तुम्ही त्यांना काय उचलायला द्याल ते आज ठरवा. संध्याकाळी भाजी आणायला निघालात तर त्यांना बरोबर घ्या, आणि कांदे-बटाट्यांची पिशवी त्यांच्याकडे द्या.