दुर्मीळ संगीतपटाचा रसिक आणि रसविघ्न

मणी कौल यांचा 'ध्रुपद' (1982) हा चित्रपट फार थोड्यांनी पाहिला आहे; परंतु ज्यांनी पाहिला, त्यांच्यातील काहींना तो इतरांना दाखवल्यावाचून राहवत नाही. या ओढीचे स्वरूप सौंदर्याचे आहे की केवळ दुर्मीळतेच्या अभिमानाचे, हा प्रश्न भारतीय रसविचाराच्या अगदी गाभ्याशी जाऊन भिडतो. भट्टनायकाने 'साधारणीकरण' ही संकल्पना मांडली; भाव व्यक्तीच्या खासगी संबंधांतून सुटून सर्वांना आस्वाद्य होणे, असा तिचा अर्थ. अभिनवगुप्ताने पुढे रसास्वादाची सात विघ्ने सांगितली, आणि स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणे हे त्यांपैकी एक होय. 'हे मला सापडले' हा आनंद याच विघ्नाच्या जातीचा आहे, हे मान्य करणे भाग आहे.

तथापि हा चित्रपट त्या अभिमानाला फारसा थारा देत नाही. झिया मोहिउद्दीन डागर रुद्रवीणेवर आलापी करतात, म्हणजे तालाविना रागाचा संथ विस्तार करतात, तेव्हा एका स्वरापासून दुसऱ्यापर्यंतची मींड इतकी लांबते की पाहणाऱ्याला आपल्या शोधाचे भान उरत नाही. आणि अखेरीस कॅमेरा मुंबईच्या वस्तीवरून सरकत जातो, तेव्हा ते संगीत कोणा एकाच्या मालकीचे राहत नाही. म्हणूनच अशा रसिकाचा दुसऱ्याला दाखवण्याचा आग्रह हा बहुधा मिरवणे नसून साधारणीकरणाचाच पुढचा टप्पा मानावा लागतो.