पिठाचे दूध

महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाचार्य आपल्या दारिद्र्याची हकीकत सांगतात. धनिकांची मुले दूध पिताना पाहून अश्वत्थामा रडू लागला. तेव्हा सवंगड्यांनी पाण्यात पीठ कालवून त्यास दिले, आणि आपण दूध प्यालो म्हणून ते पोर आनंदाने नाचू लागले. आमच्याकडे हीच कथा पुष्कळदा अशी सांगतात की, ती वाटी सवंगड्यांच्या नव्हे, मातेच्या हातची असते. पीठ तेच, पाणी तेच, फसवणूकही तीच. तरी एक कृत्य निर्दय आणि दुसरे करुण, असा निवाडा श्रोता तत्काळ देऊन मोकळा होतो. हा निवाडा कशाच्या आधारावर दिला जातो, याचा थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

एका द्रव्याऐवजी दुसरे घेण्याचा खल मीमांसकांनी पुष्कळ केला आहे. जैमिनीच्या सहाव्या अध्यायात ‘प्रतिनिधी’चे प्रकरणच आहे. व्रीही न मिळाल्यास नीवार चालतात, सोम नसल्यास पूतीका. प्रतिनिधी होईल तितका मुळासारखा असावा. मात्र देवता, अग्नी व मंत्र यांस प्रतिनिधी नाही, आणि यज्ञाचे फळ भोगणाऱ्या यजमानासही नाही. जिन्नस बदलता येतो. ज्याच्यासाठी तो रांधावयाचा तो बदलता येत नाही. स्वयंपाकघरासही हा नियम लागू पडावा.

आमच्या हिंगोलीकडे या नियमाची कसोटी १९७२ च्या दुष्काळात लागली. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. घरची टाळकी संपली आणि रेशनच्या दुकानांतून अमेरिकेची लाल मिलो आली. शास्त्रीयदृष्ट्या मिलो ही ज्वारीच. म्हणजे मीमांसकांच्या मते याहून सदृश प्रतिनिधी मिळणे नाही. परंतु जिभेने तो निर्णय मानला नाही! भाकरी थापताना चिरे, रंग पाहूनच मुले ताट सारीत, असे वडीलधारी माणसे अद्याप सांगतात. कोठे बरबड्याचे बी दळले गेले, कोठे तरोट्याच्या पाल्यावर दिवस निघाले. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, आणि खडी फोडून परतलेल्या बाईसच पुन्हा चुलीपुढे बसावयाचे होते. तिने मिलोस कधी दुसरे नाव दिले नाही. तो लाल रंग लपण्यासारखा नव्हताच.

लपविण्याची कला बाजाराची. वनस्पती तूप साजूक तुपात मिसळून विकले जाऊ लागले, तेव्हा भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत शेकडा ५ तिळाचे तेल घालणे कायद्याने सक्तीचे झाले. गरिबाने वनस्पतीत तळले यात दोष कसला? दोष आहे तो विकत घेणाऱ्यास न कळू देण्यात.

मग माताही बालकास कळू देत नाही, त्याचे काय? आमच्या मते भेद ज्ञानाचा नाही, भागीदारीचा आहे. सवंगडी घरी जाऊन दूध पितात. मातेच्या वाट्यास पिठाचे पाणीही उरत नाही. पण याच न्यायाने मातेचीही तपासणी करावी लागते, आणि येथे आमचा सुशिक्षित वर्ग अडखळतो. कणगीच्या तळाशी थोडी टाळकी उरली होती, त्या घरांत पांढरी भाकरी कर्त्या पुरुषास व मुलग्यास, आणि लाल भाकरी सुनेस व मुलीस, अशी वाटणी झाल्याचे आम्ही एकाहून अधिक घरी ऐकले आहे. सांगणारास त्यात काही सांगण्याजोगे वाटतही नव्हते. येथे बदलला गेला तो जिन्नस नव्हे, जेवणारा. प्रपंचात असे करावेच लागते, कमावत्याचे अंग राखले पाहिजे, हे समर्थन आम्हांस ठाऊक आहे. परंतु खडी फोडणाऱ्या त्या बायका कमावत्या नव्हत्या काय?

औंढ्याकडील एका वृद्ध गृहिणीने मात्र निराळे सांगितले. त्यांच्या सासूबाई मिलो आणि टाळकी दळणाआधीच सुपात एकत्र करीत, आणि मग जात्यावर बसत.