जागा तेवढीच आहे

माणसानं जावयाच्या पगारात, जावयाच्या मतांत आणि जावयाच्या बागेत लक्ष घालू नये, असं आमच्या हिचं म्हणणं. पहिली दोन पथ्यं मी पाळली. तिसऱ्यात घसरलो.

आमचे जावई न्यू जर्सीत असतात. दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसतात आणि उरलेला वेळ डे-लिलीपुढं उकिडवे. डे-लिली म्हणजे आपल्याकडं मृगाचा पाऊस पडला की उगवते ती लिली नव्हे. निशिगंधही नव्हे. किंबहुना ती लिलीच नव्हे. लिलीला कांदा असतो, हिला जाड मुळ्यांचा झुबका. पानं थेट गवती चहासारखी. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यातली दोन पाती चहासाठी खुडून आणली होती, पण तो प्रसंग घरात मिटवण्यात आला आहे, तेव्हा इथं नको.

या फुलाचं आयुष्य एक दिवसाचं. सकाळी उमलायचं, रात्री मिटायचं, दुसऱ्या दिवशी ओल्या चिंधीसारखं लोंबायचं. हेमेरोकॅलिस या शास्त्रीय नावातल्या ग्रीक शब्दांचा अर्थही तोच, एका दिवसाची शोभा. एका दांड्यावर डझन-दोन डझन कळ्या असतात म्हणून बरं, नाहीतर बाग बघायला रजा काढावी लागली असती. चीनमध्ये तर लोक हिच्या कळ्या वाळवून सूपात घालून खातात. हे मी जावयांना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं तीवरून गवती चहाचा प्रसंग अजून मिटलेला नाही हे माझ्या ध्यानात आलं.

आता साधी डे-लिली कुणीही लावतो. जावयांना हवी होती डबल.

डबल म्हणजे काय, हे मला पन्नास वर्षं घरात डबल जास्वंद असून ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, देवानं खुशीत येऊन चार पाकळ्या जास्त दिल्या. तर तसं नाही. साध्या डे-लिलीला बाहेर तीन आणि आत तीन अशा सहा पाकळ्या, आणि मध्ये सहा पुंकेसर. डबलमध्ये बहुतेक वेळा हे पुंकेसरच पाकळ्या होऊन बसतात. म्हणजे ज्यांनी पराग द्यायचे तेच नटून उभे! (फुलात फूल ठेवल्यासारखा आणखी एक प्रकार असतो, पण तो राहू द्या.) कधी एखाद्या पाकळीच्या कडेला परागाची छोटी पिवळी पुडी चिकटलेली सापडते, जरीच्या शालूच्या पदरात जुनी किल्ली बांधलेली असावी तशी. जावई भिंग घेऊन ती शोधत असत. स्त्रीकेसरही कधी धड असतो, कधी पाकळ्यांत गुरफटून वाकडा झालेला. तेव्हा डबलचा वंश वाढवायचा म्हणजे आधी डबलकडं वंश वाढवण्याजोगं काही शिल्लक आहे का, हे पाहणं आलं.

2022 च्या जुलैत आम्ही तिकडं होतो. सकाळी दव वाळलं की जावई चिमटा घेऊन निघायचे. एका फुलाचा केसर तोडायचा, त्यावरची पिवळी धूळ दुसऱ्या फुलाच्या केसराच्या टोकाला लावायची, आणि देठाला चिठ्ठी बांधायची: आई अमुक, बाप तमुक. बहुतेक चिठ्ठ्या फुलाबरोबरच गळून पडत. जी जमली तिथं हिरवं बोंड धरे. दीडएक महिन्यानं बोंड तडकलं की आत काळं कुळकुळीत चकाकणारं बी. हुबेहूब मिरी! ओलसर कागदात गुंडाळून थंडीसाठी ते फ्रिजमध्ये गेलं, लोणच्याच्या बरणीशेजारी. आमच्या हिनं त्यातली एक पुडी मसालेभातासाठी बाहेर काढली होती. लेकीनं धावत येऊन वाचवली. सासूबाईंना काही बोलता येईना, म्हणून जावई मला बोलले.

एवढं करून हाती आली त्रेसष्ट रोपं. पुढच्या मे महिन्यात ती अंगणातल्या वाफ्यात गेली, आणि फुलायला 2024 चा जुलै उजाडला. योगायोगानं, म्हणजे लेकीनं तिकिटं काढल्यामुळं, आम्ही तिथंच होतो. रोज सकाळी सहाला सासरा-जावई वाफ्याशी. आज कोण उमललं? बारशाचा उत्साह होता. पहिल्या आठवड्यात एक डबल आली, पिवळसर, कडांना चुण्या, करंजीच्या मुरडीसारख्या. जावयांनी तिला पिवळी खूण लावली. मग एकेरी. एकेरी. पुन्हा एकेरी. मला त्या एकेरी फुलांतली एक भारी आवडली. विटकरी रंग, गळ्याशी हिरवी झाक, सहा पाकळ्या मोजून घ्याव्यात अशा स्वच्छ. मी म्हटलं, "वा!" जावयांनी तिला लाल खूण लावली.

लाल खुणेचा अर्थ मला महिनाअखेर कळला. एके शनिवारी जावई फावडं घेऊन आले. पिवळ्या खुणा अकरा, लाल बावन्न. लाल तेवढ्या उपटून कोपऱ्यातल्या खताच्या पिंपात.

"अहो पण त्या जिवंत आहेत!" मी म्हणालो.

"बाबा, खत जिवंत गोष्टींचंच होतं."

"चांगली फुलं आलीत की."

"आलीत ना. पण एकेरी आहेत. एकेरी लाखभर जाती लोकांनी करून ठेवल्यात. आणि वाफा केवढा आहे बघा. पुढची ऐंशी रोपं तळघरात तयार आहेत. जागा तेवढीच आहे, बाबा."

जावई काही अतिशयोक्ती करत नव्हते. अमेरिकेतल्या डे-लिलीवाल्यांच्या संस्थेत नोंदवलेल्या जाती खरोखर लाखाच्या घरात आहेत. आणि हा खेळ सगळे असाच खेळतात. न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमधले स्टाउट नावाचे शास्त्रज्ञ या फुलाच्या आधुनिक संकराचे आद्यपुरुष. 1911 पासून साडेतीन दशकं ते तिथं होते. त्यांनीही हजारो रोपं वाढवली आणि नाव द्यायला निवडली ती मोजकीच. बाकीच्यांचं काय झालं असेल हे सांगायला नको. आमचे वडीलसुद्धा बाजरीची विरळणी करायचे. दाटीतली रोपं उपटली नाहीत तर कुणालाच कणीस नाही. तेव्हा मला त्यात पाप दिसलं नव्हतं, आणि त्या बाजरीच्या भाकरी मी पोटभर खाल्ल्या आहेत. मग इथंच घशाशी काय आलं?

आलं ते जावयांचं शेवटचं वाक्य. ते माझंच होतं.

मी बत्तीस वर्षं शाळामास्तर होतो. जूनमध्ये आठवीच्या तुकड्या पाडायचं काम माझ्याकडं असे. सातवीचे गुण उतरत्या क्रमानं लिहायचे आणि पट्टी ठेवून रेघ मारायची. वरचे अ, मग ब, मग क. अ तुकडीला गणिताचे चांगले मास्तर, म्हणजे मी. क तुकडीला जो मोकळा असेल तो. 1983 सालच्या जूनमध्ये एक बाई आल्या. शिवणकाम करून घर चालवणाऱ्या. मुलगा रेघेच्या खाली एका गुणानं. उभ्यानंच म्हणाल्या, "गुर्जी, परीक्षेच्या टायमाला तो तापानं फणफणला होता. एक डाव अ मध्ये बसवून बघा. नाही जमलं तर काढा." मी त्यांना पट्टी दाखवली. म्हणालो, "बाई, वर्गात बाकं मोजकी. जागा तेवढीच आहे."

आता तुम्ही म्हणाल, हा मुलगा पुढं कलेक्टर झाला असणार आणि गाडीतून उतरून मास्तरांच्या पाया पडला असणार. कथेत तसंच होतं. पण हा मुलगा पुढं काय झाला, मला माहीत नाही. अ तुकडीतले कोण कुठं आहेत ते मी झोपेत सांगेन. क तुकडीतल्यांचं काय होतं ते कळत नाही, आणि मास्तर त्याला पुरावा समजतो.

त्या मुलाचा ताप मला पुन्हा आठवायला कारण झालं जावयांचंच एक पुस्तक. जेवण झाल्यावर त्यांना निरुत्तर करण्याच्या हेतूनं मी ते वाचायला घेतलं. डे-लिलीचं डबलपण पक्कं नसतं. रोप लहान असेल, हवा गार असेल, तर डबल जातीलाही एकेरी फुलं येतात. पहिल्या वर्षी एकेरी आलेलं रोप दोन वर्षांनी, मुळं धरून, उन्हाळा तापला की डबल देऊ शकतं. आणि आमचा निकाल लागला होता पहिल्या वर्षीच्या पहिल्या दोन-चार फुलांवर, त्यातही आठवडाभर पावसाळी हवा होती! हा माझा मुद्दा रामबाण होता. जावयांनी तो शांतपणे ऐकला. म्हणाले, "खरंय. बावन्नांतली पाच-सहा पुढं डबल होतीलही. पण ती कुठली, हे कळायला बावन्नच्या बावन्न तीन वर्षं पोसायला हवीत. तळघरातल्या ऐंशीचं मग काय करू? त्यांना तर एकदाही फुलायला मिळणार नाही."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. एकाला दुसरी संधी द्यायची तर कुणाची तरी पहिली जाते, हे गणित मीच शिकवू शकलो असतो. फक्त एक गोष्ट मला त्या गणितात बसवता येईना. बाजरीची विरळणी भुकेसाठी होती. तुकड्यांची रेघ बाकं कमी म्हणून, असं आम्ही म्हणत होतो. पण डबल फूल हवं कुणाला? मधमाशीला नको. फुलाला तर नकोच. त्याची निम्मी प्रपंचाची साधनं त्यात खर्ची पडतात. आमच्या हिला देवाला वाहायला एकेरीच लागते. हवं होतं ते एका माणसाला, आणि तो माणूस सज्जन आहे, मला औषधाच्या वेळा आठवून देतो.

गंमत म्हणजे त्या वाफ्यापासून दहा पावलांवर, रस्त्याच्या कडेच्या चरात, साधी नारिंगी डे-लिली मुलखाची माजलेली होती. तिकडं तिला चरातली लिलीच म्हणतात, आपण गटारलिली म्हणू. तिच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असल्यानं ती सहसा बी धरत नाही. स्टाउटसाहेबांना लहानपणी आईच्या अंगणात पडलेलं कोडंही हेच, की हिला बी का येत नाही? तिचीच क्वान्सो नावाची जुनी डबल बहीण आहे, तीही बिनबियांची. दोघी जमिनीखालून मुळं पसरत आशियातून निघाल्या त्या अमेरिकेच्या गटारापर्यंत पोचल्या. कुणी पिवळी खूण लावली नाही, कुणी लाल लावली नाही. नगरपालिकेचं गवत कापायचं यंत्र वर्षातून दोनदा त्यांच्यावरून जातं, त्या पुन्हा उगवतात.

शेवटी तह झाला. गॅरेजच्या मागं, जिथं दुपारपर्यंत ऊन येत नाही अशा पट्टीत, मला आठ रोपांची जागा मिळाली. बावन्नांतून आठ निवडायची होती. म्हणजे पुन्हा पट्टी आली की हो हातात! मी सकाळभर त्या लाल खुणांमधून फिरलो. विटकरी आधी घेतली. बाकीची सात कशी निवडली हे विचारू नका. एक तर केवळ पहिल्या रांगेत होती म्हणून घेतली. चव्वेचाळीस पिंपात गेली आणि फावडं या खेपेला माझ्या हातात होतं, कारण जावयांची कंबर धरली होती.

गेल्या जुलैत, 2025 मध्ये, लेकीनं मोबाईलवर फोटो पाठवला. गॅरेजमागच्या आठांपैकी दोघी डबल झाल्या होत्या. एकीला जावयांनी पिवळी खूण लावली होती, आणि लेकीनं खाली लिहिलं होतं, "बाबा, तुम्ही जिंकलात." मी चष्मा पुसून फोटो मोठा करून पाहिला. सात झाडं दिसत होती. लगेच फोन लावला.

"ती विटकरी कुठाय?"

"ती होय? ती शेजारच्या आजी घेऊन गेल्या," जावई म्हणाले. "त्यांना डबल आवडत नाहीत."