मेंदूची नक्कल आणि माणसाचे मोल

पवईची आय.आय.टी. आपल्या बाळकुमपासून फारशी दूर नाही. १९९० साली तेथून संगणकशास्त्राची पदवी घेतलेले डॉ. धर्मेंद्र मोधा पुढे अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीत मेंदूसारखा संगणक घडविण्याच्या संशोधनात गुंतले. २००९ साली त्यांच्या गटाने सुमारे १६० कोटी कृत्रिम मज्जापेशींचे जाळे महासंगणकावर चालवून दाखविले. त्यासाठी १,४७,४५६ प्रोसेसर एकाच वेळी राबत होते. तरीही खऱ्या मेंदूच्या तुलनेत ते काम शेकडो पटींनी संथ चालले. शिवाय त्या पेशी म्हणजे खऱ्या पेशींची सोपी रूपरेषा होती. आपल्या डोक्यात सुमारे ८,६०० कोटी पेशी अवघ्या २० वॅट शक्तीवर अहोरात्र कार्य करीत असतात.

हा प्रयत्न निंद्य नव्हे. अपस्माराच्या रुग्णाच्या मेंदूचे संगणकीय प्रतिरूप तयार करून, शस्त्रक्रियेपूर्वी झटक्याचे मूळ शोधण्याचे प्रयोग युरोपात झाले आहेत. अशा विद्येचे स्वागतच करावे.

परंतु याच वाटेवर आणखी एक आशा अंकुरली आहे: मेंदूतील प्रत्येक जोडणीची नोंद करून माणूस यंत्रात उतरवावा व मरण टाळावे. ते तंत्र आज अस्तित्वात नाही. प्रौढ फळमाशीच्या मेंदूतील १,३९,२५५ पेशींचा संपूर्ण नकाशा हाती येण्यासही २०२४ साल उजाडावे लागले. तरी समजा, उद्या ते साधले, तर त्या यंत्रात कोण असेल? मूळ माणूस जिवंत असतानाच नक्कल सुरू केली, तर दोघे एकमेकांसमोर येतील, आणि मूळ माणसाचे मरण काही चुकणार नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आत्म्याला देहाचे रूप मानले, देहाच्या पेटीत ठेवलेला ऐवज नव्हे. म्हणूनच आपली श्रद्धा देहाच्या पुनरुत्थानाची आशा धरते.

या प्रश्नाचा संबंध आपल्या घरांशीही आहे. माणूस म्हणजे मेंदूतील हिशेब, असे एकदा मान्य केले, की स्मृतिभ्रंशाने लेकरांची नावे विसरलेली आजी दिवसेंदिवस माणूसपणातून वजा होऊ लागते. सून तिला घास भरविते, नात तिचे केस विंचरते. त्या दोघी कोणाची सेवा करतात? आठवणी गेल्या, तरी समोर बसलेली ती आजीच असते. यंत्रांनी तिच्या व्याधीवर उपाय शोधण्यास अवश्य साहाय्य करावे. तिचे मोल ठरविण्याचे काम मात्र आपण त्यांच्यावर सोपवू नये.