शंकासमाधान : वसंतातले सण आणि उतारवय

होळी, पाडवा, चैत्र नवरात्र, रामनवमी आणि चैत्रगौरीचे हळदीकुंकू हे सण फाल्गुन पौर्णिमेपासून अक्षय तृतीयेपर्यंत ओळीने येतात. रायपुरात याच काळात थंडी सरते आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार जातो. तात्यापारा आणि चौबे कॉलनी भागांतल्या मराठी घरांमध्ये मराठी रीत आणि छत्तीसगढी रीत शेजारी शेजारी पाळल्या जातात. गुढी उभारणाऱ्या घरातली आजी पुरानी बस्तीतल्या महामाया मंदिरात मनोकामना ज्योतही लावते. वय वाढले की या साऱ्यात काय धरावे आणि काय सोडावे, असा प्रश्न पडतो.

शंका : नवरात्राच्या उपवासात मधुमेहाची गोळी घेतली तर व्रत मोडते का?

समाधान : नाही. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींची यादी धर्मशास्त्रात परंपरेने चालत आली आहे. तिच्यात पाणी, कंदमुळे, फळे व दूध यांच्यासोबत औषधही आहे. गुरूची आज्ञाही त्याच यादीत येते. म्हणून गोळी चुकवून उपवास केल्याने पुण्य वाढते, या समजुतीला शास्त्राचा आधार नाही.

नऊ दिवसांचा कडक उपवास हा एकच मार्ग आहे, असेही नाही. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास लिहिलेल्या 'धर्मसिंधू'सारख्या निबंधग्रंथांत उपवासाच्या जागी एकभुक्त म्हणजे दिवसातून एक वेळ जेवण, नक्त म्हणजे फक्त रात्रीचे जेवण, असे पर्याय मान्य केले आहेत. नऊ दिवस जमत नसतील तर सप्तमी ते नवमी असे तीन दिवस पाळता येतात. उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, उपवास तर घराघरांत रूढ आहेच. तेही झेपत नसेल तर मुलगा, सून किंवा जोडीदार प्रतिनिधी म्हणून व्रत करू शकतो. चाळीस वर्षे चालवलेले व्रत सुनेच्या हाती सोपवणे म्हणजे ते सोडणे नव्हे.

शरीराचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. तरुणाला अशा वेळी घाम येतो, हात थरथरतात. वृद्धात या खुणा अंधुक असतात. माणूस नुसता गोंधळतो, असंबद्ध बोलतो, आणि घरच्यांना वाटते की उपवासाने थकवा आला. रक्तातली साखर 70 च्या खाली दिसली की तत्काळ साखर किंवा गूळ खायला द्यावा. त्या क्षणी उपवासाचा विचार करू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे. उलट टोकही आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने दोन वेळा खिचडी खाल्ली तर साखर चढते. गोळ्यांचे वेळापत्रक नवरात्र लागण्याआधी आठवडाभर डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. सैंधव मीठ उपवासाला चालते, पण रक्तदाबाच्या दृष्टीने तेही मीठच आहे.

शंका : डोंगरगडची बम्लेश्वरी पायऱ्या चढूनच पावते का?

समाधान : टेकडीवरच्या मंदिराला हजारावर पायऱ्या आहेत आणि नवरात्रात गर्दी दिवसरात्र असते. रज्जुमार्ग आहे, आणि पायथ्याशी छोटी बम्लेश्वरीही आहे. खाली देवी नाही असे कोणतीही श्रद्धा म्हणत नाही. हृदयविकार किंवा गुडघ्यांचा त्रास असणाऱ्याने खालीच दर्शन घ्यावे. घरच्यांनी त्यात कमीपणा मानू नये. अनेकदा वृद्धाला डोंगर चढवण्याचा हट्ट मुलांचाच असतो.

शंका : रंग खेळणे या वयात शोभते का, आणि झेपते का?

समाधान : शोभते. रायपुरात रंग धुळवडीलाच खेळला जातो, नगाऱ्याच्या तालावर फाग गायला जातो आणि म्हातारी माणसेही त्यात बसतात. धोका रंगापेक्षा ओल्या फरशीचा असतो. घसरून खुबा मोडला तर पूर्ववत व्हायला महिनोन्महिने लागू शकतात. म्हणून कोरडा गुलाल, अंगणात खुर्ची, पायांत न घसरणारी चप्पल आणि सकाळची वेळ. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत रंग टाळावा. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना डोक्याला मार बसला तर दुखत नसले तरी तपासणी करून घ्यावी. दम्याच्या रुग्णाने होळीला नैवेद्य दाखवून वारा जिकडून येतो त्या बाजूला, धुरापासून लांब थांबावे. ठंडाईत भांग नको. या वयात तिने तोल जातो, छाती धडधडते, भ्रम होतो.

शंका : विधवा आजीने गुढीची पूजा करावी का, गुलाल लावून घ्यावा का?

समाधान : करावी, आणि लावून घ्यावा. चैत्र प्रतिपदेचा ध्वज प्रत्येक घरी उभारावा असे सांगितले आहे. घरातली सर्वांत वडीलधारी बाई त्या घरापासून वेगळी कशी काढता येईल? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवांवर लादलेल्या चालीरीती बंद करण्याचा ठराव केला. वृंदावनातल्या विधवा 2013 पासून जाहीरपणे होळी खेळू लागल्या. एकटेपणा वृद्धाचे शरीरही खचवतो, त्यामुळे तिला सणातून वगळणे हा केवळ रिवाजाचा मुद्दा राहत नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवालाही तिला बोलावले पाहिजे. गुढीची काठी बांधायला स्टुलावर मात्र दुसऱ्याने चढावे.

शंका : कडुनिंब, पन्हे, आंब्याची डाळ हे सगळे चालते का?

समाधान : पाडव्याला कडुनिंबाची चार पाने गुळाबरोबर घेण्यास हरकत नाही. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत रोज त्याचा काढा घेणे टाळावे, कारण साखर वाजवीपेक्षा उतरू शकते. डाळ भिजवून वाटलेली, न शिजवलेली असल्याने दोन चमचे पुरे. पन्हे उन्हाळ्यात हितकारक असते, फक्त मधुमेह्यासाठी गूळ अगदी बेताचा आणि रक्तदाब असणाऱ्यासाठी मीठ कमी. म्हातारपणी तहान उशिरा कळते, म्हणून रामनवमीच्या भर दुपारच्या जन्मोत्सवाला निघण्याआधीच पाणी प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाण्याचे माप ठरवून दिलेले असेल त्यांनी ते माप पाळावे आणि जन्मोत्सव घरी किंवा सावलीच्या मंडपात करावा.