निरोप्याचें पदक

शास्त्रपाठ : लूक १०:२५-३७

यरीहोच्या वाटेवर जखमी मनुष्य पडला असतां याजक व लेवी बाजूनें निघून गेले. त्यांसही कांहीं काम असेल. काम असणें हें पाप नव्हे. कामाच्या आड दडणें हें पाप होय.

ह्या संबंधानें आपल्याच मुलखांतील एका तरुणाची हकीकत आम्ही आपणांपुढें ठेवितों. तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील निमज गांवचे नामदेव जाधव हे मराठा पलटणींत शिपाई होते. ता. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटालींत सेनिओ नदीवर हल्ला झाला, तेव्हां त्यांजकडे कंपनीचे निरोप पोंचविण्याचें काम होतें. वय अवघें २३ वर्षांचें. त्यांजबरोबरची लहान टोळी जवळजवळ गारद झाली. नामदेवांनीं गोळ्यांच्या वर्षावांत एका जखमी सोबत्यास उचलिलें, खोल पाण्यांतून, उभ्या चढणीवरून व सुरुंग पेरलेल्या जमिनीवरून सुरक्षित जागीं नेलें, आणि परत जाऊन दुसऱ्यासही आणिलें. "मी निरोप्या, ओझें वाहणें माझें काम नव्हे," असें म्हणून ते थांबले नाहींत.

मग त्यांनीं मशीनगनचीं तीन ठाणीं मोडिलीं व बंधाऱ्यावर चढून मागील कंपन्यांस पुढें बोलाविलें. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शांतीच्या राजाचे शिष्य म्हणविणारे आम्ही त्या ठाण्यांपाशीं स्तब्ध होतों. तेथें मेले तेही कोणाचीं तरी लेंकरेंच होतीं. परंतु दुसऱ्या खेपेस परत गेलेल्या त्या पावलांपुढें आम्ही मस्तक लववितों.

रशियांत १९३८ सालीं धैर्याबद्दल एक पदक स्थापन झालें. युद्धांत तें टेलिफोनच्या तारा सांभाळणाऱ्या पुष्कळ साध्या शिपायांस मिळालें. गोळीबारांत सरपटत जाऊन तुटलेली तार जोडावयाची, हें त्यांचें काम. १९४२ सालीं स्टालिनग्राड येथें मत्वेय पुतिलोव नामक अशाच एका शिपायानें मरतां मरतां तारेचीं दोन्ही टोकें दांतांत धरिलीं व बोलणें पुन्हां चालू झालें, असें सांगतात.

बंधूंनो, तुटलेल्या तारा आपल्या घरींही आहेत. परळ-लालबागच्या गिरण्या चालत होत्या त्या काळीं चाळींतील एखादा साक्षर मनुष्य दहा जणांचीं पत्रें गांवीं लिहून धाडी. त्यास कोणी पदक दिलें नाहीं. आज प्रत्येकाच्या हातीं फोन आहे. तरी गांवीं म्हातारी आई, दादरास मुलगा, आणि जमिनीच्या वांट्यावरून दोघांत कित्येक वर्षें शब्द नाहीं, अशीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. तीं दोन टोकें कोण धरील? जो धरील त्यास दोहोंकडून बोल लागतील. आपल्या प्रभूनें एक हात देवाकडे व एक हात पाप्याकडे केला, तेव्हां त्या दोन्ही हातांस खिळे लागले.

ह्या आठवड्यांत एक निरोप पोंचवा. एका जखमी मनुष्याकडे परत जा. आमेन.